चौदा गैरहजर

४ मार्च

धाकटे,

हे पत्र मी माझ्या हाताने लिहितेय, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. एवढं दोनदा वाच, मग पुढे जा.

आठ वर्षं तुझ्याशी बोलले नाही आणि आजही हौस नाही. पण सकाळी जे वाचलं ते विचारल्याशिवाय राहवेना. शाळेचं फाटक मीच उघडते. फळ्यावर हेडसरांनी कालच्या टपालातला कागद टाचून ठेवला होता. हातात झाडू घेऊन उभ्याउभ्या वाचला. ‘पुढील सत्रापासून सर्व शाळांतील वाचनवर्ग बंद करण्यात येत आहेत. वाचनवर्गाच्या शिक्षकांची पदे रद्द करण्यात येत आहेत.’ खाली कारण. संशोधन अहवालाच्या आधारे. आणि अहवाल कुणाचा, तर तुझं नाव. वडिलांच्या नावासकट, अख्खं.

मला वाटलं माझंच वाचायला चुकलं. जोडाक्षरं मला अजून अडतात. बोट ठेवून परत वाचलं. तूच.

वाचनवर्ग म्हणजे काय ते तू कधी डोळ्यांनी पाहिलंस का? आमच्याकडे ती कोपऱ्यातली खोली आहे. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकायचो. सहा वर्षांपूर्वी बाकं हलवली आणि एक बाई आल्या. पोरं त्यांना वाचनबाईच म्हणतात. तिसरी ते पाचवीतली जी पोरं वर्गात नुसती ओठ हलवत बसतात, त्यांना रोज एक तास त्या वेगळं घेऊन बसतात. ओरडत नाहीत, मारत नाहीत. एका अक्षरावर दहा दहा मिनिटं! मी असते तर दुसऱ्या मिनिटाला धपाटा घातला असता.

पोरांना वर्गातून आणायचं आणि परत सोडायचं काम माझं. मधला तासभर खोली झाडायच्या निमित्ताने मी तिथेच घुटमळायचे. एवढी झाडलेली खोली जगात दुसरी नसेल. सहा महिने बाईंनी पाहिलं. मग एक दिवस म्हणाल्या, “मावशी, फरशी झिजली. झाडू ठेवा आणि बसा.”

कळलं आता, कशी लिहितेय ते?

आठ वर्षांपूर्वी तू त्या मोठ्या सभागृहात माईकवरून म्हणालीस, “माझ्या थोरल्या बहिणीला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नाही. शाळेने तिला टाकलं.” मी पहिल्या रांगेत बसले होते, तूच बोलावलंस म्हणून, नवे कपडे घालून. सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली, जणू माझ्या घरात कुणी मेलंय. खोटं बोलली असतीस तर तिथेच तुझ्या झिंज्या धरल्या असत्या. खरं होतं म्हणून उठून निघून गेले.

आता येतंय वाचता. आणि वाचायला काय मिळालं, तर हे.

एवढी शिकलीस, पदव्या घेतल्यास, आणि शेवटी उंटावरून शेळ्याच हाकल्यास. असं काय मोजलंत तुम्ही, की या पोरांना बाईंची गरज नाही असं निघालं? उत्तर दे. फोन करू नकोस. फोनवर तू मला गुंडाळतेस.

ताई


१६ मार्च

धाकटे,

पाकीट मिळालं. पहिल्याच ओळीत विचारतेस, “खरंच तूच लिहिलंस का गं?” म्हणजे आठ वर्षांनी पत्र गेलं तर आधी माझीच परीक्षा. हो, मीच. शंका असेल तर समोर येऊन बस, घाल शुद्धलेखन.

तू अहवालातलं पान एकेचाळीस पाठवलंस ते बरं केलंस. ते वाचायला मला सबंध दुपार लागली. इतकं कोरडं लिहिता तुम्ही, की घोटभर पाणी घेतल्याशिवाय खाली उतरत नाही. आमच्या शाळेचं नाव नाही, नुसतं ‘शाळा क्रमांक सात’. पण वर्णनावरून ओळखलं. ‘तिसरी ते पाचवीच्या शेहेचाळीस मुलांची चाचणी घेण्यात आली. सर्व मुले आपापल्या इयत्तेचा मजकूर वाचू शकली. वाचनात मागे असलेले एकही मूल आढळले नाही.’

एकही मूल नाही.

यावर तू लिहितेस, “ताई, ही तर आनंदाची बातमी आहे. तुझ्या वाचनबाईंनी काम फत्ते केलं. बऱ्याच शाळांत असंच दिसलं, म्हणून ही माणसं आता दुसऱ्या कामाला लावता येतील. आजार बरा झाल्यावर औषध चालू ठेवतात का?”

हे वाचून मी भिंतीला टेकून बसले ती बसलेच. हेडसर समोरून गेले, म्हणाले, “मावशी, घंटा?” मधल्या सुट्टीची घंटा द्यायची राहिली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

मला एक सांग. पटावर तिसरी ते पाचवीची साठ पोरं आहेत. मला तोंडपाठ आहेत, रोज फाटकातून मोजून आत घेते. तुमच्या चाचणीवाल्या पोरींनी शेहेचाळीस मोजली. म्हणजे चौदा राहिली. त्या चौदांचं काय करता तुम्ही? कुठे लिहिता? पान उलटसुलट करून पाहिलं, खाली बारीक अक्षरातलंसुद्धा वाचलं. कुठेच नाहीत.

असतील गैरहजर. थंडीचे दिवस होते, ताप-बिप आला असेल. चौघं एका घरातली असतील, कुणाकडे काही कार्य असेल. मला काय माहीत! पोरं आहेत, येतात, येत नाहीत.

मी नुसतं विचारतेय. गैरहजर पोरांचं तुमच्याकडे काय करतात?

वाचनबाईंना हे पान दाखवलेलं नाही. बाई कपाटातली चित्रांची कार्डं खोक्यात भरायला लागल्यात. मी म्हटलं, एवढी काय घाई? त्या म्हणाल्या, “मावशी, कुणी विचारायला तरी यायला हवं होतं.” माझ्याकडे बघून नाही म्हणाल्या. तरी मी बादली उचलून बाहेर गेले.

उत्तर लवकर दे.

ताई


२४ मार्च

धाकटे,

“गैरहजर मुलं मोजणीत धरत नाहीत. सगळीकडे हीच पद्धत आहे. का विचारतेस?”

सांगते का विचारते. लिहायला दोन दिवस लागले. चार कागद फाडले.

ती चौदा पोरं मी घरी पाठवली होती.

डिसेंबरात हेडसरांच्या खोलीतला फोन वाजला, सर वर्गावर होते, मीच उचलला. उद्या चाचणीसाठी दोघी जणी येतील म्हणाले. तुझ्या संस्थेचं नाव सांगितलं. मला ते नाव झोपेतही ओळखता येईल. वाचनबाई त्या आठवड्यात प्रशिक्षणाला गेल्या होत्या. मी सरांना निरोप दिला. ते म्हणाले, “बरं बरं,” आणि कागदात डोकं घातलं. मला कुणी काही सांगितलं नाही. सांगावं लागतच नाही. साहेब यायचे म्हटलं की कच्ची पोरं त्या दिवशी घरी, ही आमच्याकडची रीतच. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या आधीची मावशी करायची, मग मी करायला लागले. शिक्षक डोळे मिटतात. फुटकी कपबशी मागे ठेवतात ना, तसं.

वाचनवर्गाची चौदा पोरं मला तोंडपाठ. शाळा सुटताना एकेकाला फाटकाशी धरलं. म्हटलं, उद्या येऊ नका, शाळेत पाणी नाही. खूश होऊन पळाली.

पण या वेळेला नुसती रीत नव्हती, खोटं कशाला बोलू? तुझी माणसं येणार म्हणून जास्त जोर लावला. तू सगळ्यांदेखत म्हणाली होतीस ना, शाळेने माझ्या बहिणीला टाकलं? मला तुला दाखवायचं होतं की माझी शाळा कुणाला टाकत नाही. आणि ते दाखवायला मी चौदा जणांना टाकलं. हे आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा हसत हसत फाटक लावलं होतं.

झाकली मूठ, म्हटलं. ती मूठ माझ्याच नरड्याला बसेल असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तेरा परत आली. एक आली नाही. चौथीतली मुलगी आहे. फार हळू वाचते, म्हणून पोरं गोगलगाय म्हणतात. मीसुद्धा म्हणायचे. ‘चल गं गोगलगाई, तास संपेल.’ आली नाही ती नाहीच. आठवडाभर वाटलं येईल. मग वाटलं गाव सोडलं असेल. चौकशीला गेले नाही. घर माहीत आहे मला, शाळेपासून दहा मिनिटांवर. तरी गेले नाही.

आता दुसरं. हे जास्त जड आहे.

मी तिसरीत होते. वर्गात मला अक्षरं लागायची नाहीत, भिंगातून बघितल्यासारखी हलायची. तपासणीचे साहेब येणार होते. आदल्या दिवशी गुरुजी माझ्या बाकापाशी आले आणि हळूच म्हणाले, “बाळ, तू उद्या येऊ नकोस. घरी काम आहे म्हण.” फार गोड बोलले. म्हणूनच कळलं. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी राहून बघितलं. सगळी पोरं एका सुरात वाचत होती. माझ्या जागेवर दुसरीला बसवलं होतं, रिकामी दिसू नये म्हणून.

घरी आले. तू वीस दिवसांची होतीस. आईने विचारलं, शाळा? मी म्हटलं, तुला मदत करते. आई म्हणाली, बरं झालं, हिला घे जरा. तिसऱ्या दिवशीही गेले नाही. कुणी विचारायला आलं नाही.

मग पाहुणेरावळे म्हणायला लागले, पोरीने बाळासाठी शाळा सोडली, केवढी गुणाची! मी म्हणू दिलं. पुढे तू मोठी झालीस, हुशार निघालीस, तेव्हा तुलाही तेच सांगितलं. भांडण झालं की तेच तोंडावर मारलं. ‘तुझ्यासाठी शाळा सोडली मी!’ किती वेळा म्हटलं असेन!

तुझ्यामुळे माझी शाळा सुटली नाही, धाकटे. तू तर तेव्हा डोळेही नीट उघडत नव्हतीस.

ताई


५ एप्रिल

धाकटे,

मी आतडी बाहेर काढून ठेवली आणि तू एका ओळीचं पत्र पाठवतेस. “ताई, हे तू कुणाला दाखवलंस का?”

नाही दाखवलं. घाबरू नकोस. तुझी खुर्ची अजून जागेवर आहे.

पण आता बस. खाली जे लिहिलंय ते उभ्याने वाचू नकोस.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आसपासच्या शाळांच्या आम्ही सगळ्या शिपाईबाया मुख्य कार्यालयात सामान आणायला जातो. खडू, झाडू, फिनेल, हजेरीपट. कोठीवाला कधी वेळेवर येत नाही, मग आम्ही पायऱ्यांवर बसतो. काल अकरा शाळांच्या होतो. मनात आलं, विचारून बघू. म्हटलं, “बायांनो, डिसेंबरात त्या चाचणीवाल्या आल्या होत्या, तेव्हा तुमच्याकडे कच्ची पोरं होती का वर्गात?”

एक आहे, तिला आम्ही चावीबाई म्हणतो, कमरेला हा जाडजूड जुडगा. ती म्हणाली, “वर्गात कशाला ठेवू? पाहुणे यायचे म्हटल्यावर पसारा पलंगाखाली ढकलतोच की आपण!” सगळ्या खो खो हसल्या.

“किती ढकललीस?”

“बावीस. तू?”

“चौदा.”

“बस? तुझी शाळा हुशार गं!”

मग तिसरी म्हणाली नऊ. चौथी म्हणाली, मी काय मोजत बसले नाही, एक बाक रिकामा केला. एकजण म्हणाली, “आमच्या हेडबाईंना कळलंसुद्धा नाही, पोरं एवढी गप्प की नसली तरी फरक पडत नाही.” त्यावरही हसल्या.

मी हसत नव्हते. माझ्या पिशवीत कागद होता, त्यावर लिहीत गेले. त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं. चावीबाई म्हणाली, “तू लिहितेस?” मग हळूहळू गप्प झाल्या. मी सगळं सांगितलं. पान एकेचाळीस, एकही मूल नाही, वाचनवर्ग बंद. कोठीवाला आला, त्याने दोनदा हाका मारल्या, एकही उठली नाही.

अकरा शाळा. नऊ शाळांतून पोरं घरी पाठवलेली. सांगता आली तेवढीच एकशे तीन.

एकीनेही दुसरीला सांगितलं नव्हतं, वरून कुणाचा हुकूम नव्हता. जिने तिने आपापल्या शाळेची अब्रू राखली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण सगळ्या चुली एकाच दिवशी विझतात हे मी पहिल्यांदा बघितलं. आणि तुम्ही इतकी शिकलेली माणसं, तुमच्यातल्या एकालाही वाटलं नाही की ही एवढी पोरं एकाच दिवशी गेली कुठे? गैरहजर म्हणजे मेली का?

फाटकावर आणखी एक कागद लागलाय. अकरा तारखेला सुनावणी आहे, वाचनवर्गाबद्दल पालक आणि कर्मचारी यांनी म्हणणं मांडावं. अहवाल कोण मांडणार तेही लिहिलंय. तू.

मी येणार आहे. आधी सांगते, मागून म्हणू नकोस की थोरलीने पाठीत सुरा खुपसला. खुपसलाच तर छातीत, समोरून. तू मला गप्प बस म्हणालीस तरी येणार. पण तू म्हणशील का, हे मला बघायचंय.

ताई

गोगलगाईबद्दल तू काही विचारलं नाहीस. बरं झालं.


१३ एप्रिल

धाकटे,

तू तिथेच होतीस, तरी लिहिते. कारण सगळा वेळ तू खाली बघत होतीस.

ते लांबलचक टेबल, पांढरा कपडा, प्रत्येकापुढे झाकलेला पाण्याचा पेला आणि नावाची पाटी. मी सगळ्या पाट्या वाचल्या. वेळ जात नव्हता. तू पडद्यावर ते रंगीत खांब दाखवलेस, एकाहून एक उंच. आमची शाळा सगळ्यात उंच खांबात होती. माझ्या शेजारच्या एका बापाने टाळी वाजवली. त्याचा पोरगा चौदांतला आहे.

माझा नंबर आठवा. माईक केवढा उंच! तो खाली करायला कुणी उठेना, मग वाचनबाई मागून आल्या, खाली केला आणि परत जाऊन बसल्या. मी कागद काढला. तोंडपाठ करून आले असते तर धडाधड बोलले असते, भांडायला मला कागद लागत नाही. पण मला वाचायचंच होतं. त्या सभागृहात तू म्हणाली होतीस ना माझ्याबद्दल? मग अशाच एका सभागृहात.

दुसऱ्याच ओळीत अडले. ‘आदर्श’. रफार दिसेना. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्ष म्हणाले, “मावशी, थोडक्यात सांगा, दोन मिनिटांची वेळ आहे.” मी म्हटलं, “साहेब, एवढं वाचायला मला बेचाळीस वर्षं लागली. तुम्ही चार मिनिटं थांबा.” मग कुणी हसलं नाही.

वाचनबाईंनी मला शब्द सांगितला नाही. मागच्या रांगेत दोन्ही मुठी मांडीवर आवळून बसल्या होत्या. त्यांची रीतच ती. वाट बघतात.

वाचलं सगळं. चौदा मी पाठवली. पाणी नाही म्हणून खोटं सांगितलं. नऊ शाळा, एकशे तीन. चावीबाई उभी राहिली आणि म्हणाली, “बावीस माझी, लिहून घ्या.” मग एकेक उभी राहिली. हेडसर रुमालाने कपाळ पुसत होते. टाळ्या वाजवणारा तो बाप माझ्याकडे असा बघत होता, की मी पुढची ओळ विसरले.

मला वाटलं आता तू म्हणशील, या बाई माझी बहीण आहेत, शिकलेल्या नाहीत, त्यांचा गोंधळ झालाय. तुझ्या शेजारचा तो टाय लावलेला माणूस तुझ्या कानाशी लागून हेच सांगत होता, नाही का? त्याच्या ओठांवरून कळत होतं.

तू उठलीस. पाण्याचा पेला कलंडला, तो सरळही केला नाहीस. “पान एकेचाळीस मी मागे घेते. पानच नाही, निष्कर्ष. हजेरीपट आमच्याकडे होते. गैरहजर किती, हे आम्हाला दिसत होतं. मोजायचं नाही असं ठरलेलं होतं म्हणून आम्ही बघितलं नाही. यात या बाईंची चूक एका दिवसाची आहे, माझी दोन वर्षांची.”

मी भांडायला आले होते गं. कंबर कसून आले होते. भांडायला समोर कुणी उरलंच नाही. टेबलावरचं पाणी ओघळून त्या टायवाल्याच्या कागदांवर गेलं आणि तो मुकाट्याने कागद उचलत राहिला, एवढंच आठवतं.

बाहेर जिन्यात तू म्हणालीस, “ताई, बेचाळीस वर्षं मी स्वतःला चोर समजत आले. तुझी शाळा चोरली म्हणून.” मीच समजू दिलं. तू रडत होतीस आणि मी म्हटलं, “नाक पूस, लोक बघतायत.” घरी आल्यावर वाटलं, एवढंच सुचलं मला! आईसुद्धा असंच म्हणाली असती.

आदेश तूर्तास थांबवला आणि पुन्हा चाचणी, पटावरच्या प्रत्येक मुलाची, न आलेल्याच्या घरी जाऊन. त्यावर वाचनवर्गाचं ठरणार. हे अध्यक्षांनी वाचून दाखवलं तेव्हा तू निघून गेली होतीस. तुझं तिकडे काय होणार, ते लिही. लपवू नकोस. लपवण्यात आपण दोघी पुष्कळ हुशार आहोत, आता पुरे.

मला लेखी ताकीद मिळाली. माझ्या नावाने आलेलं पहिलं सरकारी पत्र. सही करायच्या आधी सगळं वाचलं. हेडसर म्हणाले, “मावशी, करा ना लवकर.” मी म्हटलं, “वाचतेय.”

ताई


२५ एप्रिल

धाकटे,

तुला मोजणीच्या कामावरून काढलं हे वाचून मला धक्का बसला नाही. तू लिहितेस “बरं वाटतंय”, त्याने बसला. बघू किती दिवस बरं वाटतं. कंटाळलीस तर ये. वाचनबाईंना कार्डं कापायला माणूस हवाय. त्यांनी खोकी परत उघडलीत, पण अर्धीच. निकाल लागेपर्यंत अर्धीच, म्हणाल्या.

सोमवारी चाचणी आहे. चौदांतल्या तेरांना मी रोज सांगतेय, सोमवारी यायचं, ताप आला तरी यायचं. शाळा यादीत पार खाली जाणार, हे हेडसरांना कळलंय. चेहरा एवढासा झालाय. मी म्हटलं, “सर, खाली गेल्याशिवाय वाचनवर्ग राहात नाही.” ते म्हणाले, “मावशी, तुम्ही फार वाचायला लागलात.”

पण मला हे सांगायचं नव्हतं. काल मी गोगलगाईच्या घरी गेले.

साडेचार महिने लागले दहा मिनिटं चालायला.

दार उघडंच होतं. ती उंबऱ्यात बसली होती, कडेवर वर्षाचं भावंड. आई कामावर गेलेली. मला बघून पटकन उभी राहिली, जशी वर्गात राहायची. मी शब्द ठरवून गेले होते. म्हटलं, “पाणी आलं गं शाळेत. चल आता.” बघ, तिथेही खोटंच तोंडात आलं.

ती म्हणाली, “पाणी होतं की, मावशी. त्या दिवशी जाताना मी नळावर हात धुतले होते.”

उंबऱ्यावरच बसले. ते बाळ माझ्या चाव्यांशी खेळायला लागलं. तिला सगळं माहीत होतं. मलाही माहीत होतं ना, तिसरीत, गुरुजी गोड बोलले तेव्हा? मग मी कसं धरून चाललेले की पोरांना कळत नाही?

मी म्हटलं, “मी खोटं बोलले. तुला वाचायला वेळ लागतो, म्हणून पाहुण्यांपासून लपवलं. माझं चुकलं.” ती बाळाची बोटं माझ्या चाव्यांतून एकेक करून सोडवत होती, हळूहळू, तिच्या त्या चालीने.

“सोमवारी येशील?”

तिने विचार केला. म्हणाली, “सोमवारी पाहुणे येणारेत ना? मला शेजारच्या मुलीने सांगितलं.”

“हो.”

“मग मी मंगळवारी येते.”

धाकटे, नऊ वर्षांची पोर गं! मला सांभाळून घेत होती. माझी अडचण होऊ नये म्हणून.

तिच्या आईची वाट बघत मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. आई आली, म्हणाली, “तुम्हीच येऊ नको म्हणालात, मग मी कशाला पाठवू?” बरोबर बोलली. ऐकून घेतलं. बाळाला सोमवारी शाळेतल्या माझ्या खोलीत ठेवू, मी आहे, असं ठरवून उठले.

सोमवारी सकाळी फाटक उघडायच्या आधी मी तिला घ्यायला जाणार आहे. तिच्या चालीने चालायचं म्हणजे दहाची वीस मिनिटं लागतील. घंटेला उशीर झाला तर झाला.

तू आता त्या कामावर नाहीस, पण जी कुणी पोर चाचणीचा टॅब घेऊन येईल तिला तुझी ओळख असेल. तिला एवढा निरोप दे. पहिल्या बाकावर जी बसलेली असेल, तिने एका शब्दावर कितीही वेळ लावला, तरी पुढचा शब्द सांगू नकोस म्हणावं. थांब म्हणावं.

ताई